बातमीपुरत्या मुली

दिल्लीतल्या मुलींविषयी मराठीत काही लिहायचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची हे जवळजवळ ठरलेलं असतं. डिसेंबर २०१२ची ती रात्र, मुनीरकाचा बसथांबा, मग राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे, एखाद्या विद्यार्थिनीची मुलाखत आणि शेवटी समाजाने अंतर्मुख व्हावं असं आवाहन. लिहिणाऱ्याचा कळवळा खरा असतो, म्हणूनच या लेखनाच्या बुडाशी असलेलं मत कुणी तपासत नाही. ते मत असं: तरुण मुलीचं आयुष्य समजून घ्यायचं तर तिच्यावर काय ओढवलं किंवा काय ओढवू शकतं इथूनच आरंभ केला पाहिजे, आणि असं जितकं जास्त लिहून येईल तितकी ती सुरक्षित होईल.

या मताची एक घरगुती आवृत्तीही आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मुलीला करोल बागेत किंवा ओल्ड राजेंद्र नगरात पाठवायचं ठरलं की गावाकडची आत्या विचारते, "पुण्यात क्लास नाहीत का?" मग दिल्लीतल्या मराठी घरी फोन येतो. "काका, लोकल गार्डियन म्हणून तुमची फक्त सही हवी होती." अशा सह्या मीही केल्या आहेत. त्या अर्जात मुलगी काय वाचते, तिला काय व्हायचंय, तिला या शहरात काय बघायचंय हे कुणी विचारत नाही. ती किती वाजता परतणार, कुणाबरोबर जाणार आणि परतली नाही तर कुणाला कळवायचं, एवढेच रकाने असतात. मुलींविषयीचं आपलं बरंचसं लेखन म्हणजे हाच अर्ज चार पानांवर भरलेला असतो, असा माझा आरोप आहे.

आरोप करण्यापूर्वी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. त्याची सर्वांत भक्कम साक्ष महाराष्ट्रातूनच दिल्लीत पोचलेली आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या नावावरून ते मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं जातं. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते वाचून स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतरही तसंच झालं. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, लीला सेठ आणि गोपाळ सुब्रमण्यम यांच्या समितीकडे ऐंशी हजारांच्या आसपास सूचना आल्या, आणि तिने महिन्याच्या आत, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल हातात ठेवला. लोक बोलले नसते, वृत्तपत्रांनी लिहिलं नसतं, तर यातलं काही घडलं नसतं. मग अशा लेखनात खोट कसली काढता, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे.

खोट काढायची ती याच दोन दाखल्यांतून. १९७९चं पत्र आज उघडून वाचावं. त्या पत्राचा रोख मुलीकडे नाहीच. न्यायालयाने विचार कसा केला, यावर ते बोट ठेवतं. मुकाट्याने शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हे ते न्यायमूर्तींना समजावून सांगतं. ठाण्यात दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या गरीब, अल्पवयीन मुलीने आरडाओरडा केला नाही, हे तिच्याविरुद्ध कसं धरता, असं विचारतं. तिच्या दुःखाचं चित्र रंगवून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची त्याला गरज पडली नाही. वर्मा समितीचंही तेच. विवाहांतर्गत बलात्काराला दिलेली सूट काढा, फाशीची शिक्षा नको, संमतीचं वय सोळाच ठेवा, असं समितीने सांगितलं. सरकारने काय घेतलं? फाशी घेतली, वय अठरा केलं आणि नवऱ्यांची सूट तशीच राहू दिली. या तिन्ही मुद्द्यांवर कायद्यात नेमकं तेच उतरलं जे भेदरलेल्या बापाला पटण्यासारखं होतं. भीतीतून कायदे होतात हे पूर्वपक्षाचं म्हणणं मला मान्यच आहे. कुणाच्या भीतीतून कुठले कायदे होतात, एवढंच मी पुढे विचारतो.

असे कायदे कुणाच्या हाती पडतात, हे पुढच्याच वर्षी दिल्लीच्या न्यायालयांतून बाहेर आलं. 'द हिंदू'च्या पत्रकार रुक्मिणी एस. यांनी २०१३ साली दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांनी निकाली काढलेले बलात्काराचे सगळे ५८३ खटले वाचून काढले. सगळे! वर्षानुवर्षं या आकड्यांवर अग्रलेख लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्याआधी निकालपत्रं उघडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यांपैकी ४६० खटले पूर्ण चालले होते. त्यांतल्या १८९ खटल्यांमध्ये मुलगा-मुलगी राजीखुशीने एकत्र आलेले होते, बहुतेकदा पळून गेलेले होते, आणि तक्रार मुलीच्या घरच्यांनी केलेली होती. आणखी १०९ खटले लग्नाचं वचन मोडल्याचे. उरलेल्या १६२मध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार होता झोपडवस्तीतल्या लहान मुलींवर ओळखीच्या माणसांनी केलेले अत्याचार.

हे आकडे घेऊन 'मुली खोट्या तक्रारी करतात' असं म्हणणारा एक वर्ग आहे. त्याने आकडे वाचले, पण समजून घेतले नाहीत. त्या १८९ खटल्यांत बोलणारे आईबाप आहेत, आणि मुलगी कोर्टात उभी राहून सांगते आहे की मी माझ्या मनाने गेले होते. दुसऱ्या जातीतला किंवा दुसऱ्या धर्मातला मुलगा निवडणारी, शिवण क्लासला जाते सांगून बसने निघणारी, आधार कार्ड पिशवीत ठेवणारी ही मुलगी कुठल्याही वर्तमानपत्रात तिच्या खऱ्या रूपात आली नाही. ती आली ती बलात्काराच्या आकड्यात एकाने भर घालून. दिल्लीतल्या मुलींच्या आयुष्यातली सर्वांत धाडसी कृती आपण त्यांच्यावरच्या अत्याचाराच्या रकान्यात नोंदवली, आणि त्याच रकान्यावर लेख लिहिले. त्या १६२मधल्या लहान मुली तर लेखांत आल्याच नाहीत, कारण लेखातला गुन्हेगार अनोळखी असावा लागतो, अंधारातून यावा लागतो. नोंदलेल्या बलात्कारांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात असं तोच राष्ट्रीय विभाग दरवर्षी सांगतो, पण ओळखीच्या माणसाला अंधाराची गरज नसते, त्यामुळे त्याच्यावर चांगला परिच्छेद जमत नाही.

भीतीच्या लेखनाचा हिशेब दुसऱ्या दिवशी कोण चुकता करतं, तेही पाहा. मार्च २०१२मध्ये गुडगावात पबमध्ये काम करणाऱ्या एका मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. माध्यमांत गदारोळ झाला. प्रशासनाने उत्तर दिलं: मॉल आणि पबनी रात्री आठनंतर स्त्रियांकडून काम करून घेऊ नये, घ्यायचं तर कामगार खात्याची परवानगी घ्यावी. आठच्या पुढे मोकळे राहिले पुरुष. लेख लिहिणाऱ्यांनी असं काही मागितलं नव्हतं हे मान्य, पण रस्ता मुलींसाठी जात्याच वाईट असं सिद्ध करून दिल्यावर प्रशासनाने रस्त्याऐवजी मुलीला आत घेतलं, तर त्यात आश्चर्य कसलं?

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या बाळाच्या हत्येसाठी फाशी सुनावली गेली (पुढे ती काळ्या पाण्यावर आली), आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीच्या वर्तनाचा पंचनामा सुरू झाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला १८८२मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. ताराबाईंनी गुन्हा नाकारला नाही. विधवेला पुन्हा लग्न करू न देणारे कोण, तिला त्या अवस्थेला नेणारा पुरुष खटल्यात कुठे आहे, आणि जे दोष तुम्ही बाईला चिकटवता ते तुमच्यात किती, असं त्या विचारत गेल्या. वादाची दिशा मुलीकडून तिच्याभोवतीच्या माणसांकडे वळवायची ही रीत. १९७९च्या पत्राचीही रीत हीच. आपल्याकडे खंडनाची ही परंपरा असताना आपण दिल्लीच्या मुलींसाठी मात्र विलापिका लिहीत बसलो. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. मूळ पुस्तकही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं.

दिल्लीतल्या मुलींनी हा वाद स्वतः घातला तो २०१५मध्ये. जामिया मिलियाने मुलींच्या वसतिगृहात उशिरा परतण्याची सवलत बंद केली, त्यावरून सुरू झालेली चळवळ 'पिंजरा तोड' या नावाने विद्यापीठा-विद्यापीठांत पसरली. त्यांनी मागितलं काय? मुलांच्या वसतिगृहाला जी वेळ, तीच आम्हाला. वाचनालय रात्री उघडं असतं तर ते आम्हालाही उघडं हवं. मुलींच्या वसतिगृहाचं शुल्क जास्त का? लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमा आणि ती निवडून आलेली असू द्या. वेळ, पैसा, पुस्तकं, मतदान. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांतही एक वाक्य आहे, सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींवर मुलांपेक्षा वेगळे निर्बंध लादू नयेत अशा अर्थाचं. ते कागदावर आहे. अर्जातला परतण्याच्या वेळेचा रकानाही कागदावर आहे, आणि दोन्ही कागद एकाच कार्यालयात असतात.

इथे "पण मुंबईत असं नसतं" म्हणणाऱ्यांनी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं २०११चं 'व्हाय लॉयटर?' वाचावं. ते मुंबईवर आहे. मुंबईची मुलगी बाहेर दिसते, पण कामानिमित्त: हातात पर्स, कानात फोन, पावलांत घाई. नाक्यावर नुसतंच उभं राहणं, काही कारण नसताना समुद्राकडे बघत बसणं तिथेही पुरुषांकडेच आहे, असं त्या दाखवतात, आणि मागणी करतात ती निरुद्देश भटकण्याच्या हक्काची. त्यात धोका पत्करण्याचा हक्कही आला. मुंबईची तुलना करून दिल्लीला नावं ठेवताना आपण मुंबईच्या मुलीचंही बाहेर पडणं तिच्या नोकरीपुरतं मंजूर करून टाकतो. पुण्याबद्दल मी काही बोलत नाही, तिथे माझे नातेवाईक आहेत.

आता पूर्वपक्ष म्हणेल, भीती काय कल्पनेतली आहे? अजिबात नाही. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या सुमारे चार हजार विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा आणि प्रवासाच्या मार्गांचा अभ्यास केला. गुण असूनही मुली खालच्या दर्जाचं महाविद्यालय पत्करतात, कारण तिथे जायची वाट त्यांना कमी त्रासाची वाटते; अधिक सुरक्षित मार्गासाठी त्या मुलांच्या तुलनेत वर्षाला १८,८०० रुपये जास्त मोजायला तयार असतात. भीतीची खरी किंमत इथे दिसते, आणि या किमतीची फिर्याद कुठल्या ठाण्यात नोंदली जात नाही. मिरांडा हाऊस किंवा हिंदू महाविद्यालयात जागा मिळत असताना घराजवळचं महाविद्यालय निवडणाऱ्या मुलीच्या आयुष्यात त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. तिने फक्त प्राधान्यक्रमाच्या यादीत वरचं नाव खाली आणि खालचं वर केलेलं असतं. पाच वर्षांनी तिचा पगार, तिच्या ओळखी, तिच्या लग्नाच्या बोलण्यांतलं तिचं वजन, सगळं त्या यादीतून ठरतं. प्रसंगावर पोसलेल्या लेखनाला हे दिसत नाही, कारण यात प्रसंगच नाही. २९ ऑक्टोबर २०१९ला दिल्लीच्या बसमध्ये स्त्रियांना गुलाबी तिकीट मिळू लागलं, तेव्हाही बहुतेक लिहिलं गेलं ते सरकारी तिजोरीवर आणि मतांच्या राजकारणावर. कुठल्या मुलीची महाविद्यालयांची यादी त्यामुळे बदलली, हे विचारायला कुणी बससोबत गेलं नाही. शहरी भारतात निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रिया एखाद्या ठरावीक दिवशी घराबाहेर पाऊलच टाकत नाहीत, असं २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणावरून आयआयटी दिल्लीच्या राहुल गोयल यांनी दाखवलं आहे. ज्या रस्त्यावर बाई उतरतच नाही तो रस्ता गुन्ह्यांच्या आकडेवारीत सुरक्षित दिसतो.

आणि धोका म्हणजे फक्त पुरुष, हेही आपण गृहीत धरून चाललो आहोत. २७ जुलै २०२४च्या पावसात ओल्ड राजेंद्र नगरातल्या एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी भरलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. त्यांत दोघी मुली होत्या. 'दिल्ली आणि मुलींची सुरक्षितता' या विषयावरच्या किती लेखांत हे तळघर येतं? नाला, महापालिकेचा परवाना, भाड्याच्या मजल्यांवर देखरेख न ठेवणारी यंत्रणा यांमुळे मुलगी गेली तर ती विद्यार्थी म्हणून मोजली जाते. मुलगी म्हणून तिचं मरण मोजायला गुंड लागतो.

शेवटचा मुद्दा पूर्वपक्षाच्या आवडीचा: मुलींना स्वतः बोलू द्या, त्याही हीच व्यथा सांगतील. दिल्लीत हे करून पाहिलेलं आहे. 'अंकुर' आणि 'सराय' या संस्थांनी २००१पासून लोकनायक जयप्रकाश बस्ती, दक्षिणपुरी आणि नांगला मांची इथे 'सायबरमोहल्ला' चालवला. वस्तीतली मुलं-मुली, त्यांत मुली भरपूर, रोज जमत, लिहीत, एकमेकांना वाचून दाखवत. त्यातून २००७मध्ये हिंदीत 'बहुरूपिया शहर' आलं, २०१०मध्ये श्वेता सारडा यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'ट्रिकस्टर सिटी'. अझरा तबस्सुम, यशोदा सिंह अशी नावं त्याच्या लेखकांत आहेत. या मुलींनी काय लिहिलं? २००६मध्ये प्रगती मैदानाजवळची नांगला मांची पाडली जात असताना पसरणाऱ्या अफवा लिहिल्या, सर्वेक्षणाला आलेली माणसं लिहिली, १९९८पूर्वीचा पुरावा शोधत ट्रंका उपसणारी घरं लिहिली, शहराच्या टोकाला सावदा घेवऱ्यात मिळालेले मोकळे भूखंड लिहिले. शहर कसं बनतं आणि कसं उठवलं जातं, हा त्यांचा विषय. 'एक मुलगी म्हणून तुम्हाला काय वाटतं?' या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकात शोधणाऱ्याला फारसं सापडणार नाही, आणि म्हणूनच बहुधा मुलींच्या लेखनाच्या चर्चेत त्याचं नाव निघत नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं तरी वेगळं काय आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जमवलेल्या लाखावर ओव्यांमध्ये सासुरवास आहे, तसेच भाऊ, गावची नदी, पंढरीची वाट, बाबासाहेबांची सभाही आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये तालकटोऱ्यात झालेल्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष म्हणून डॉ. तारा भवाळकर लाभल्या, ज्यांनी आयुष्यभर हेच दाखवून दिलं की अडाणी समजली गेलेली बाई जगाविषयी बोलत होती. तिच्या बोलण्यातून रडणं तेवढं वेचून काढलं ते ऐकणाऱ्यांनी.

"मग गुन्ह्यांवर लिहायचंच नाही का?" लिहायचं, आणि खटला वाचून लिहायचं: ठाणेदार, वकील, वैद्यकीय तपासणी, तारखा, आणि तक्रार कोणी केली ते. "असलं कोरडं कोण वाचणार?" या शंकेला उत्तर १९३३चं आहे. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने मराठी वाचक खवळून उठले ते एखाद्या गुन्ह्याच्या वर्णनाने नव्हे. शिकलेली, कमावती, अविवाहित मुलगी आणि तिच्या पगारावर चालणारं तिच्या वडिलांचं घर, हा त्यातल्या एका कथेचा विषय. कथेत कुणी कुणावर हात टाकत नाही, मुलगी फक्त हिशेब मागते. नोएडातल्या कपड्यांच्या कारखान्यात आणि गुडगावच्या कार्यालयांत आज हजारो मुली पगार घेतात. तो कुणाच्या खात्यात जमा होतो, एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं, पीजीच्या भाडेकरारावर सही कुणाची, आणि पाळी बदलून रात्रीची घ्यायला घरून होकार कुणाचा लागतो, हे विचारत कुणी या शहरात वर्षभर फिरलं, तर त्याला लिहायला पुष्कळ मिळेल, आणि घरोघरचे वडील त्याच्यावर १९३३सारखेच चिडतील.